बंडीच्या काजातला डोळा

वस्तूंच्या इतिहासाच्या आपल्या मालिकेत आत्तापर्यंत जातं झालं, शिलाई मशीन झालं, रॉकेलची चिमणी झाली. आजची वस्तू तुमच्यापैकी बहुतेकींनी हातात घेतली नसेल, पण ती तुमच्या समोरून गेलेली असू शकते. कॅमेऱ्याचा चष्मा. फेसबुकवाली मेटा कंपनी आणि चष्मे बनवणारी रे-बॅन यांनी मिळून काढलेला हा चष्मा मे २०२५ पासून आपल्या देशात विकायला आला. तेव्हा सुरुवातीची किंमत होती २९,९०० रुपये. दिसायला साधा काळा चष्मा, उन्हात पोरं घालतात तसा. काडीवर एक बारीकसं बटण. ते दाबलं की समोर जे असेल त्याचा फोटो निघतो, व्हिडिओसुद्धा निघतो.

मोबाइलवर फोटो काढायचा तर माणसाला हात वर करावा लागतो. तो हात आपल्याला दिसतो. आपण पदर सावरतो, तोंड फिरवतो, नाहीतर "अरे, काय करतोस?" म्हणून विचारतो. चष्म्याच्या बाबतीत हात वर जातच नाही. समोरचा नुसता बघतोय असं वाटतं.

या चष्म्याबद्दल ज्या बायांनी आम्हाला विचारलं, त्यांच्या बोलण्यात एक चाचरणं होतं. "आम्हाला नव्यातलं काही कळत नाही, म्हणून खटकतंय का हे?" असा त्यांचा सूर होता. घरातल्या तरुण मुलांनी त्यांना तसंच ऐकवलंही होतं, की जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं. म्हणून आम्ही ठरवलं, की हा चष्मा खरंच किती नवा आहे ते आधी बघू. आणि ज्यांना तो पहिल्यांदा खटकला, त्या कोण होत्या तेही बघू.

तर अंगावर घालायचा लपवलेला कॅमेरा निदान १४० वर्षं जुना आहे.

साल १८८६. स्टर्न नावाच्या माणसानं एक कॅमेरा विकायला काढला. मूळ कल्पना दुसऱ्याची, रॉबर्ट ग्रे नावाच्या अमेरिकेतल्या गृहस्थाची. हा कॅमेरा म्हणजे धातूची एक चपटी गोल डबी, साधारण लहान ताटलीएवढी. ती गळ्यात अडकवायची आणि वरून बंडी घालायची, म्हणजे कोटाच्या आत पुरुष घालत ते जाकीट. डबीला पुढं एक छोटं नाक. ते नाक बंडीच्या काजातून बाहेर काढायचं. बघणाऱ्याला वाटावं, बटण आहे. डबीच्या आत काचेची गोल तबकडी, तिच्यावर सहा फोटो निघायचे. आणि खाली एक दोरी. दोरी ओढली की फोटो.

तोपर्यंत फोटो काढणं म्हणजे केवढा सोहळा असे! तीन पायांच्या घोडीवर ठेवलेली मोठी पेटी, वर काळं कापड, आत शिरलेला फोटोग्राफर, आणि समोर श्वास रोखून बसलेलं घरदार. आपल्या जुन्या फोटोंत आजी-आजोबा इतके ताठ का दिसतात? त्यांना हलायची परवानगी नसे. पण त्या ताठ बसण्यात एक गोष्ट होती. आपला फोटो निघतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. बंडीतल्या कॅमेऱ्यानं नेमकं तेवढंच काढून घेतलं.

हा कॅमेरा घेणाऱ्यांत नॉर्वे देशातला एक विद्यार्थी होता, कार्ल श्टोर्मर. वय १९. ओस्लो शहराचं नाव तेव्हा क्रिस्तियानिया होतं. तिथल्या कार्ल योहान नावाच्या मोठ्या रस्त्यावर तो १८९३ पासून बंडीत कॅमेरा घालून फिरायचा. दोरी त्यानं खिशाला भोक पाडून आत घेतली होती. ओळखीचं कुणी समोरून आलं की तो नमस्कार करायचा, समोरचा उत्तरादाखल हसायचा किंवा टोपी उचलायचा, आणि तेवढ्यात खिशातला हात दोरी ओढायचा. सहा फोटो झाले की घरी जाऊन तबकडी बदलायची आणि पुन्हा रस्त्यावर. असे त्यानं सुमारे ५०० फोटो काढले. जगप्रसिद्ध नाटककार इब्सेनही त्यात सापडले. पुढं हा मुलगा मोठा गणिती झाला, उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा अभ्यास करणारा नामवंत शास्त्रज्ञ झाला. ते फोटो त्यानं कुठं जवळपास पन्नास वर्षांनी लोकांपुढं ठेवले.

आम्ही ते फोटो पाहिले आहेत. खोटं कशाला बोला, फार गोड आहेत. त्या काळातली माणसं इतकी मोकळी दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसत नाहीत. छत्री घेतलेल्या बायका, चालता चालता हसणाऱ्या. पण त्या हसल्या ते ओळखीच्या मुलाच्या नमस्काराला. ते हसू आपण १३० वर्षांनी इथं बसून बघणार आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. श्टोर्मरनंच पुढं सांगितलं, की या उद्योगाची सुरुवात एका मुलीपायी झाली. ती त्याला आवडत होती, पण बोलायची ओळख नव्हती, म्हणून तिचा फोटो तरी मिळवावा असं त्याला वाटलं. त्या मुलीला काय वाटलं असतं, हे इतिहासात कुठंच नोंदलेलं नाही.

नॉर्वेत हा मुलगा असा फिरत होता, पण खरा पूर आला तो अमेरिकेतून. तिथं १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा काढला. हातात मावणारी पेटी, आत १०० फोटोंची फिल्म, किंमत २५ डॉलर. १९०० साली त्यांचाच ब्राउनी कॅमेरा आला, तो फक्त एका डॉलरला. आता कुणीही उठावं आणि कुणाचाही फोटो काढावा. समुद्रकाठी आंघोळीला आलेल्या बायका, बागेत बसलेली जोडपी, कुणी कुणी सुटलं नाही. वर्तमानपत्रांनी अशा लोकांना "कोडॅकची भुतं" अशा अर्थाचं नाव ठेवलं. काही स्नानाच्या ठिकाणी कॅमेरा आणायला बंदी घातली गेली.

आणि इथंच एक बाई कोर्टाची पायरी चढली. तिचं नाव मॅरियन मॅनोला. न्यूयॉर्कच्या नाटकात गाणारी नटी. १८९० साली ती ज्या खेळात काम करत होती, त्यात तिला अंगालगत बसणारे तंग कपडे घालावे लागत. मॅनेजरला त्या वेशातला तिचा फोटो जाहिरातीसाठी हवा होता. ती नको म्हणाली. मग एका रात्री, खेळ चालू असताना, प्रेक्षकांतल्या एका कक्षातून लखकन उजेड पाडून तिचा फोटो घेतला गेला. मॅनोला थेट कोर्टात गेली आणि तो फोटो वापरू नये असा मनाई हुकूम तिनं आणला. समोरची माणसं बाजू मांडायला आलीच नाहीत.

लोकांनी तेव्हा काय म्हटलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच. रोज रात्री शेकडो लोकांपुढं त्याच कपड्यांत उभी राहते, तेव्हा लाज वाटत नाही, आणि फोटोला बरी वाटते! हा प्रश्न आजही विचारला जातो. यात्रेत सगळ्यांदेखत नाचलीस ना, मग व्हिडिओ काढला तर काय बिघडलं? मॅनोलाच्या बाजूनं आम्ही एवढंच म्हणू, की नाटकगृहात समोर कोण बसलंय हे तिला माहीत होतं, पडदा पडला की तो प्रसंग संपत होता, आणि उद्या उभं राहायचं की नाही हे तिच्या हातात होतं. दुकानाच्या काचेत लावलेल्या फोटोवर तिचा काय ताबा?

त्याच वर्षी, १८९० च्या डिसेंबरात, बॉस्टनच्या दोन वकिलांनी, वॉरन आणि ब्रँडाइस यांनी, एक लांबलचक लेख लिहिला. झटकन फोटो काढणारे कॅमेरे आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणारी वर्तमानपत्रं यांपासून माणसाला संरक्षण हवं, असं त्यांचं म्हणणं. हक्क साधा होता, आमच्या वाटेला जाऊ नका, आम्हाला आमच्यापाशी राहू द्या. जगभरच्या कायद्यांत 'खासगीपणाचा हक्क' म्हणून जे पुढं आलं, त्याची एक मोठी मुळी या लेखात आहे. वकिलांचं नाव मोठं झालं, व्हायलाच हवं. पण त्या लेखात मॅनोलाच्या खटल्याचा दाखला आहे, हे कुणी फारसं सांगत नाही.

आता एक पिठाची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावची ॲबिगेल रॉबरसन, अजून विशीही न ओलांडलेली. हे रोचेस्टर म्हणजे कोडॅक कंपनीचंच गाव, हाही एक योगच. तिचा एक छान फोटो होता. एक दिवस कळलं, की तो फोटो एका पिठाच्या जाहिरातीवर छापलाय. थोडाथोडका नाही, २५,००० प्रती. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांतसुद्धा तिचं तोंड भिंतीवर लागलेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ओळखीचे लोक बघून हसायला लागले, तिनं अंथरूण धरलं, डॉक्टर आणावा लागला. मग तिच्या वतीनं १५,००० डॉलरच्या भरपाईचा दावा लावला गेला. खालच्या कोर्टात ती जिंकत गेली, पण १९०२ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात चार विरुद्ध तीन मतांनी हरली. न्यायमूर्तींचं म्हणणं असं, की असा काही हक्क कायद्यात लिहिलेला नाही. शिवाय फोटो तर चांगला आलाय, एखादी असती तर खूश झाली असती.

हे वाक्य आम्ही आपल्याकडे किती वेळा ऐकलंय! "अगं, किती छान आलीयेस फोटोत, चिडतेस काय?"

पण लोक चिडले. वर्तमानपत्रांनी कोर्टाला धारेवर धरलं आणि पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं कायदा केला. जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचं नाव अथवा फोटो वापरायचा असेल तर त्या माणसाची लेखी संमती हवी. रॉबरसनला भरपाई मिळाली नाही, पण कायदा झाला. गंमत पुढंच आहे. तिच्या विरुद्ध निकाल देणारे मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर १९०४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. फोटोग्राफर त्यांच्या घराभोवती जमायला लागले, घरच्या माणसांचे फोटो काढायला लागले. साहेब वैतागले, म्हणाले की हे चालणार नाही. तेव्हा या मुलीनं त्यांना जाहीर पत्र लिहिलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. तुम्हीच निकाल दिलात ना, की असा हक्क नसतो म्हणून? आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो.

प्रत्येक वेळी कायदा बाईच्या बाजूनं आला असं मात्र नाही. कित्येकदा कॅमेरा लपवणारं सरकारच होतं. इंग्लंडमध्ये बायका मताचा हक्क मागत होत्या, तुरुंगात जात होत्या. पोलिसांना त्यांचे फोटो हवे होते आणि या बायका कॅमेऱ्यापुढं मान वाकडी करत, तोंड वेडंवाकडं करत. म्हणून १९१३ मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगाच्या आवारात एका गाडीत फोटोग्राफर लपवला. बायका आवारात फेऱ्या मारायच्या तेव्हा तो लांबून टिपायचा. त्यांच्यातली एक होती एव्हलिन मॅनेस्टा. ती मँचेस्टरला कैदेत होती आणि फोटोला तोंड देत नव्हती. तेव्हा पहारेकऱ्यानं मागून तिच्या गळ्याभोवती हात टाकून तिला धरलं आणि फोटो काढला. मग ओळख पटावी म्हणून तिचा जो फोटो वाटला गेला, त्यात तो हात खोडून त्याच्या जागी गळ्याभोवतीचा रुमाल रंगवला होता. दोन्ही फोटो आज ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. फोटो कसा काढला गेला ते फोटोत दिसत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

अंगावरच्या कॅमेऱ्याची सर्वांत कठोर गोष्ट १९२८ च्या १२ जानेवारीची. न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात रूथ स्नायडर नावाच्या बाईला नवऱ्याच्या खुनाबद्दल विजेच्या खुर्चीत बसवून मृत्युदंड दिला गेला. पत्रकारांना आत सोडलं होतं, पण कॅमेऱ्याला सक्त मनाई. एका वर्तमानपत्राच्या माणसानं घोट्याला छोटा कॅमेरा बांधला, पँटीच्या आतून तार खिशापर्यंत आणली, आणि नेमक्या क्षणी पँट जराशी वर करून फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच फोटो. तिनं गुन्हा केला होता, शिक्षाही झाली. पण मरणाची घटका शेजारी बसून चहा पिताना बघण्यासाठी छापायची असते का? अपघातात रस्त्यावर पडलेल्या माणसाला पाणी द्यायचं सोडून मोबाइल काढणारे आपण आता रोज बघतो.

या सगळ्यात एक गोष्ट वेगळी सापडली आणि ती आपल्या जवळची आहे. हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर लाला दीनदयाळ. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पडद्यातल्या बायकांना फोटो हवे असत, पण परपुरुषासमोर बसता येत नसे. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंत, आत सगळ्या बायकाच, आणि कारभार एका इंग्रज बाईच्या हाती. पडदा काही चांगला होता असं आम्ही म्हणत नाही. पण बघा, त्या बायकांना कॅमेऱ्याचं वावडं नव्हतं. हव्या तशा दागिने घालून त्या बसल्या. बाई जुन्या वळणाची म्हणून तिला फोटो नको असतो, हे म्हणणं तिथंच खोटं ठरतं. फोटो हवा होता, पण कोण काढणार आणि कोण बघणार, हे आधी ठरलेलं हवं होतं.

मधली बरीच वर्षं आम्ही ओलांडतो. मोबाइलमध्ये कॅमेरा आला २००० च्या सुमाराला, जपानमध्ये. आणि लगेच गर्दीच्या गाड्यांत, जिन्यांवर बायकांचे चोरून फोटो निघायला लागले. जपानच्या कंपन्यांनी आपापसांत ठरवलं, की फोटो काढताना मोबाइलचा खट्ट असा आवाज झालाच पाहिजे, तो बंद करता येऊ नये. दक्षिण कोरियात २००४ मध्ये तसा नियमच आला. उपाय अपुरा होता, तरी आम्हाला तो आवडतो, कारण काढणाऱ्याची लाज जागी करण्यापेक्षा समोरच्या बाईचे कान जागे ठेवणं जास्त भरवशाचं.

मग २०१२ मध्ये गूगलनं कॅमेऱ्याचा चष्मा दाखवला. २०१३ मध्ये अमेरिकेत निवडक लोकांना १,५०० डॉलरला विकला. तिथं काय झालं? सिएटल शहरातल्या एका खानावळवजा दारूच्या दुकानानं, चष्मा विकायला यायच्याही आधी, इथं तो घालून येऊ नका अशी पाटी लावली. चष्मा घालणाऱ्यांना लोकांनी चष्मा आणि शिवी एकत्र करून एक नाव दिलं. ते आम्ही रेडिओवर सांगणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीनं तो चष्मा साध्या गिऱ्हाइकाला विकणं थांबवलं. म्हणजे पुढारलेल्या म्हणवणाऱ्या देशात, शिकल्या-सवरल्या माणसांनाही तो खटकला. घरातली मुलं अडाणीपणाचा टोमणा मारतील तेव्हा हे त्यांना सांगायला हरकत नाही.

आता आलेला चष्मा त्याच वाटेवरचा, फक्त दिसायला साधा केलेला. त्यात चित्रण चालू असताना पांढरा दिवा लागतो, म्हणजे समोरच्याला कळावं. पण उन्हात तो दिवा कितीसा दिसणार? आणि तो दिवा निकामी करून देणारे लोकही निघाले आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी असा चष्मा घालून, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा चेहरा टिपून, इंटरनेटवरून त्याचं नाव, पत्ता शोधून दाखवला. धोका दाखवायलाच त्यांनी ते केलं आणि ते तंत्र कुणाला दिलं नाही. पण जे दोन पोरांना जमलं, ते दुसऱ्यांना जमणार नाही असं थोडंच आहे?

आणि प्रत्येक वेळी कॅमेरा दुसऱ्याच्याच अंगावर असतो असंही नाही. कधी तो आपल्याच अंगावर बांधला जातो. नागपूर, नवी मुंबई इथल्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर, माणूस कुठं आहे ते सांगणारी घड्याळं बांधली. चंडीगड, पंचकुला इकडच्या घड्याळांत कॅमेरा आणि माइकही होता. पंचकुलातल्या सफाई कामगार बायकांनी पत्रकारांना विचारलं, आम्ही संडासला जातो तेव्हा हा कॅमेरा चालू असतो की बंद? त्यांना धड उत्तर मिळालं नव्हतं. घड्याळ काढून ठेवावं, तर पगार कापला जाण्याची धास्ती. रस्ता झाडणाऱ्या बाईला मनगटावर कॅमेरा आणि ती झाडते त्या रस्त्यावरच्या बंगल्यात राहणाऱ्याला नाही, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हा कॅमेरा अंगावरचा नाही, झाडावरचा आहे, पण तो आपल्यासारख्याच बायांवर रोखला गेला. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ मोजायला जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात, आपल्याकडे ताडोबा-मेळघाटातही लावतात. कॉर्बेटच्या कडेच्या गावांत एका संशोधकानं १४ महिने राहून २७० जणांशी बोलून अभ्यास केला. तो २०२४ मध्ये छापून आला. जंगलात आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो त्या कॅमेऱ्यात आला होता, आणि तो पोरांनी व्हॉट्सॲपवर फिरवला. गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. पण त्या अभ्यासातली जी गोष्ट आमच्या मनातून जात नाही, ती वेगळी आहे. त्या बाया सरपणाला जाताना मोठ्यानं गाणी म्हणायच्या. मन मोकळं व्हायचं, आणि आवाजानं वाघ-हत्तीही लांब राहायचे. कॅमेरे आल्यावर त्यांचं गाणं मंदावलं, बोलणं हळू झालं. कॅमेरा टाळायला काही जणी अनोळखी, आतल्या जंगलात जायला लागल्या. अभ्यास करणाऱ्याशी बोललेली एक बाई पुढं वाघाच्या हल्ल्यात गेली.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. खटला नेला होता के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी. त्याआधी, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१३ मध्ये बाईला चोरून बघण्याचा आणि तिचा चोरून फोटो काढण्याचा वेगळा गुन्हा कायद्यात घातला गेला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पहिल्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केला तर तीन ते सात वर्षं. त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची. बाईनं फोटो काढायला हो म्हटलं असेल, पण तो दुसऱ्यांना दाखवायला नाही म्हटलं असेल, आणि तरी तो फिरवला, तर तोही गुन्हाच. काढायची परवानगी वेगळी आणि वाटायची वेगळी, हे कायद्यानं मान्य केलंय.

पण हे कलम खासगी कृतीपुरतं आहे. आंघोळ, कपडे बदलणं, संडास, नवरा-बायकोतलं वागणं, अशा वेळी, जिथं आपल्याला कुणी बघणार नाही असं धरून चालतो तिथं. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढं एक प्रकरण आलं. बाई आपल्या घरासमोर उभी होती, दोघांनी येऊन तिचे आणि घराचे फोटो काढले आणि अश्लील हातवारे केले. न्यायालय म्हणालं, उघड्यावर उभ्या असलेल्या बाईचा फोटो या कलमात बसत नाही. हातवाऱ्यांबद्दलचा खटला मात्र पुढं चालू ठेवला. तो गुन्हा आज कलम ७९ मध्ये आहे. बाईच्या अब्रूला धक्का लावण्याच्या हेतूनं केलेले शब्द, हावभाव, तिच्या खासगीपणात घुसणं, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणजे बंद दाराआड कायदा आपल्या बाजूला भक्कम आहे. पण आपलं निम्मं आयुष्य दाराबाहेर जातं. हापशावर, ओढ्यावर धुणं धुताना, लावणीच्या चिखलात लुगडं खोचून वाकलेलं असताना, बांधावर लेकराला पाजताना. तिथं कुणी चष्मा घालून उभा राहिला तर सरळ लागू पडेल असं कलम नाही, हेतू सिद्ध करत बसावं लागतं. रॉबरसनलाही हेच सांगितलं होतं, की कायद्यात असं काही लिहिलेलं नाही.

मग तोवर काय? चष्मा ओळखायचा कसा, ते तरी पाहून ठेवा. समोरून बघितलं तर काचांच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यांत, दोन्ही बाजूंना, एकेक छोटा गोल दिसतो. एक कॅमेरा, दुसरा दिवा. कोपऱ्याच्या काड्या साध्या चष्म्यापेक्षा जाड असतात. संशय आला तर सरळ विचारा, यात कॅमेरा आहे का? विचारणं हा गुन्हा नाही आणि उर्मटपणाही नाही. बचत गटाच्या बैठकीत, डोहाळजेवणात, हळदीत, बाळंतिणीच्या खोलीत चष्मा काढून ठेवायला सांगता येतं, जसं आपण चपला बाहेर काढायला सांगतो. ज्या गटांना पटेल त्यांनी तसा ठराव वहीत लिहून घ्यावा, आणि त्याच ठरावात आपल्या बैठकीचे फोटो कोण काढणार, कुठल्या ग्रुपवर जाणार, हेही लिहावं. आपल्यातलीच कुणी बाई विचारल्याशिवाय फोटो टाकते, तेव्हा तिलाही तो ठराव लागू. फोटो फिरवला गेलाच, तर तो ज्याच्याकडून आला त्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या, मेसेज पुसू नका, आणि महिला हेल्पलाइन १८१ वर किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन करा. पोलीस ठाण्यात जाताना गटातल्या दोघी सोबत न्या आणि तक्रारीची पोच मागून घ्या.